दाराबाहेरचे बूट

मी भित्री बाई आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना हे सांगितलं तर पटायचं नाही, कारण माझा आवाज असा की टेबलावर पट्टी आपटून मी ओरडले तर शेजारच्या दवाखान्यातले पेशंटही सरळ बसतात. पण आवाज वेगळा आणि काळीज वेगळं. पालीला भिते, डॉक्टरला भिते, आणि सगळ्यात जास्त भिते ती शिपाईमामा ऑफिसातून निरोप घेऊन आले की. 'मॅडमनी बोलावलंय' एवढं ऐकलं की आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागते. गेल्या शैक्षणिक वर्षात या भीतीत कोर्टाची भर पडली.

आमची शाळा कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. इंग्रजी माध्यमाची, तीन मजली, एका अंगाला दवाखाना, दुसऱ्या अंगाला कोचिंग क्लास. मी तिथं वर्षाच्या ऑर्डरवर शिकवते. म्हणजे दर एप्रिलला माझी नोकरी संपते आणि जूनला मॅडमच्या मनात आलं तर पुन्हा सुरू होते. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. माझं वय सेहेचाळीस. नवरा नाही. गावाकडं, नेसरीला, अव्वा आहे, तिचं औषधपाणी माझ्यावर. आम्ही सीमेकडचे लिंगायत, म्हणून आईला अव्वा म्हणतो. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हा विचार मी रोज सकाळी चहाबरोबर घेते. मला ती नोकरी हवी होती. पुढं मी जे काही केलं ते यातूनच केलं, हे आधीच सांगून टाकते.

कायदा असा आहे की खासगी शाळेनंही पहिलीच्या दर चार जागांतली एक जागा आसपासच्या गरीब घरातल्या मुलाला द्यायची, फी न घेता. आमच्या शाळेनं दिल्या. चोवीस मुलं आली. रिक्षावाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, भाजीच्या गाड्यावाल्यांची. त्यांना ए, बी, सी, डी या चार तुकड्यांत वाटून बसवायला हवं होतं. पण मॅडम म्हणाल्या, "यांना इंग्लिश येत नाही, बाकीच्यांच्या वेगानं जमणार नाही. तीन महिने वेगळं बसवू, तयारी करून घेऊ." त्याला नाव दिलं ब्रिज क्लास. आणि जागा दिली शाळेच्या मागं, जिथं पूर्वी स्टाफच्या स्कूटरी लागायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. शिकवायला मला पाठवलं, कारण या मुलांची भाषा मला येते. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. मुलं दुसरीत गेली, शेड तीच राहिली.

पहिल्या दिवशी ती शेड बघून मला रडू आलं, आणि मग राग आला. राग आला की मी झाडू हातात घेते. दोन दिवस मी त्या शहाबादी फरशीवरचे ऑइलचे डाग घासत होते. घरून सतरंज्या आणल्या. खिडकी नव्हती, तर भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची चित्रं लावली. आणि नियम केला, वर्गात बूट घालून यायचं नाही. बूट दाराबाहेर काढायचे, भिंतीलगत एका ओळीत, टोकं भिंतीकडं, मोजे बुटांत खोचलेले. मी स्वतःही चप्पल तिथंच काढायची. नेसरीच्या आमच्या घरात लिंगपूजेच्या खोलीत पाय धुतल्याशिवाय पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. मला वाटायचं, मी त्या पत्र्याला देवघराचा मान दिला.

पोरांनी तो नियम असा उचलला की मलाच नवल वाटायचं. त्यातली एक मुलगी, रिक्षावाल्याची, अगदी माझ्या पुढ्यात बसणारी, ती तर बुटांची फौजदारच झाली. तिचा गळा माझ्यासारखाच. कुणाचा एक बूट वाकडा दिसला की दारातून हाळी यायची, "ए, कुणाचं हाय ह्ये? सरळ लाव की!" चोवीस जोड बूट असे लागायचे की बघत राहावं. वरच्या तुकड्यांत मला 'टीचर' म्हणायचे, इथं मी 'बाई' होते. खरं सांगायचं तर मला त्या शेडमध्ये बरं वाटायचं. वाईट कुणाला वाटत असेल तर ते मी विचारलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेचे फोटो आले. दुसरीच्या चार तुकड्यांचे चार मोठे फोटो, टाय लावलेली मुलं, मधे खुर्चीवर टीचर. मागच्या वर्गाचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा बाप रिक्षा गेटला आडवी लावून आत आला. मॅडम भेटल्या नाहीत. मग तो मागं माझ्याकडं आला. दाराबाहेर बुटांच्या ओळीपाशी उभा राहिला, आत आला नाही.

"अवो बाई, चारीबी फोटू बगितले. माझी पोरगी कुठल्या फोटूत हाय?"

मी म्हणाले, "राहिला वाटतं काढायचा. सांगते मी ऑफिसात."

"फोटूचं ऱ्हाऊ द्या. पोरगी शाळंत हाय का पत्र्याखाली हाय, येवढंच सांगा. मॅडम म्हणत्यात ब्रिज. दुसरं वर्स लागलं की. ह्यो पूल उतरायचा कवा?"

मला उत्तर माहीत होतं. कधीच नाही. पण मी म्हणाले, "होईल हो, पुढच्या वर्षी," आणि खडू शोधायला वळले. खडू माझ्या हातातच होता.

पुढच्या वर्षाची वाट त्यानं बघितली नाही. दिवाळीनंतर तो आणि आणखी सात-आठ पालक फुकट सल्ला देणाऱ्या एका वकिलाला धरून हायकोर्टात गेले. पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई. तिथवर कोण जातंय, या भरवशावर कोल्हापुरात बरंच काही चालून जायचं. आता कोर्ट गावातच बसतं, राजारामपुरीतून रिक्षानं जावं आणि जेवायला घरी यावं इतक्या अंतरावर. कोर्टानं शाळेला सांगितलं, ही मुलं बाकीच्या मुलांतच बसली पाहिजेत. बसवलीत का ते शपथेवर लिहून द्या. आणि खरंच बसवलीत का ते बघायला आम्ही एक वकीलबाई नेमतोय, त्यांना म्हणायचं कोर्ट कमिशनर. त्या कधीही, न कळवता शाळेत येतील आणि आम्हाला अहवाल देतील.

'न कळवता' हे शब्द स्टाफरूममध्ये कुणीतरी वाचून दाखवले आणि मी तो कागद मागून घेऊन पुन्हा वाचला.

आता तुम्ही म्हणाल, सरळ बसवायची की मुलं चार तुकड्यांत. प्रत्येक तुकडीत सहा, त्यात काय अवघड? मलाही तसंच वाटलं होतं. पण फी भरणाऱ्या काही पालकांनी मॅडमना आधीच बजावलं होतं, तुकड्या मिसळल्यात तर आम्ही मुलं काढून नेऊ. मॅडम एका बाजूनं कोर्टाला घाबरत होत्या, दुसऱ्या बाजूनं त्या पालकांना. त्यांची भीती वरून खाली घरंगळत माझ्यापर्यंत आली. शिपाईमामा निरोप घेऊन आले. ऑफिसात टेबलावर कागद तयार होता. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं की ब्रिज क्लास म्हणजे दिवसातला फक्त एक तास जादा अभ्यास, बाकी वेळ मुलं आपापल्या तुकडीतच बसतात, हे मी स्वतः पाहते.

"फॉरमॅलिटी आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमची पुढच्या वर्षीची ऑर्डर मी आत्ताच काढायला सांगितलीय."

धमकी अशीही देता येते, हे मला त्या दिवशी कळलं. नोटरीच्या टेबलासमोर मी उभी राहिले तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "वाचलंय न्हवं बाई समदं?"

"वाचलंय," मी म्हणाले. वाचलं होतं, हीच तर अडचण होती. सही केली आणि बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले, आणि भरलेला ग्लास तसाच परत ठेवला. खोट्या प्रतिज्ञापत्राला काय शिक्षा असते, ते त्या संध्याकाळी मी मोबाईलवर शोधलं. शोधायला नको होतं. तिथं तुरुंग लिहिला होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मॅडमनी योजना केली. कमिशनरबाई गेटवर दिसल्या की शिपाईमामांनी घंटेचे दोन टोले द्यायचे, थोडं थांबून पुन्हा दोन. तो टोला ऐकला की मागच्या वर्गातली मुलं आपापल्या कागदावरच्या तुकडीत जाऊन बसणार, मी शेडला कुलूप लावणार आणि वर जाऊन ए तुकडीत मदतनीस म्हणून उभी राहणार. प्रत्येक तुकडीत मागं दोन जादा बाक टाकून ठेवले. मुलांना कुठली तुकडी कुणाची, ते मी पाठ करून घेतलं. त्यांना वाटलं हा खेळच आहे. भूकंपाचा सराव असतो ना, तसा आम्ही रोज हा सराव करायचो. घंटा झाली की बूट घालून जिन्यानं वर, आणि तुकडीच्या दाराबाहेर गुपचूप रांगेत उभं राहायचं. वरच्या टीचर म्हणाल्या होत्या की रोज रोज आत आणून आमचे तास बुडवू नका. म्हणून दारापर्यंतच जायचं. मॅडम घड्याळ लावून बसायच्या आणि मी टाळी वाजवली की मुलं परत शेडमध्ये. दाराच्या आत जायचा सराव आम्ही एकदाही घेतला नाही.

एकदा काळ्या कोटातला एक माणूस गेटवर दिसला आणि मामांनी टोले दिले. पोरं उधळली, मॅडमनी घाईघाईनं पदर सारखा केला, मी कुलूप लावताना बोट चिमटून घेतलं. पोरं जिन्यातच होती तोवर कळलं, तो जवळच्या लग्नाच्या हॉलचा मॅनेजर होता, रविवारी पार्किंगला मैदान देता का विचारायला आलेला. सगळे हसले. मी शेडमागं जाऊन ओकले.

रोज रात्री अव्वाचा फोन यायचा. "आवाज का असा झालाय गं तुझा?" तिनं विचारलं की मी खोकला सांगायची. खोटं बोलायची सवय लवकर लागते.

कमिशनरबाई आल्या त्या दिवशी काळा कोट नव्हताच. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. सिटी बसमधून उतरून चालत आल्या. मामांना वाटलं कुणाची तरी आजी डबा द्यायला आलीय. "काय पावणं, कुणाकडं आलाय?" त्यांनी खुर्चीतूनच विचारलं. बाईंनी पिशवीतून कोर्टाचा कागद काढला तेव्हा मामा उठले, आणि घंटेकडं धावले.

दोन टोले, आणि थोड्या वेळानं पुन्हा दोन.

पोरांनी मला नाव ठेवायला जागा ठेवली नाही. एक शब्द न बोलता उठली, बूट घातले, जिन्यानं वर गेली. मी सतरंज्या गुंडाळल्या, कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजमध्ये खोचली आणि मागच्या जिन्यानं पहिल्या मजल्यावर पळाले. ए तुकडीत शिरून फळ्यापाशी उभी राहिले. मागच्या जादा बाकांवर माझी सहा मुलं हाताची घडी घालून बसली होती, त्यात ती फौजदारीण. टीचर गणित शिकवत होत्या. सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणं होतं. मला वाटलं, सुटलो.

मग बाहेर मॅडमचा बोलण्याचा आवाज जवळ येत आला आणि एकदम थांबला. मी दारातून बाहेर बघितलं.

व्हरांड्यात दाराशेजारी सहा जोड बूट लावलेले होते. भिंतीलगत, एका ओळीत, टोकं भिंतीकडं, मोजे आत खोचलेले. पलीकडं बीच्या दाराशी सहा जोड. सीच्या दाराशी, डीच्या दाराशीही तसेच. एकही बूट वाकडा नव्हता. आणि एच्या ओळीच्या शेवटी माझ्या चपला होत्या. कधी काढल्या ते मलाही कळलं नव्हतं.

कमिशनरबाई व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या आणि परत आल्या. वहीत काहीतरी लिहिलं. "हे बूट कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"मुलं खेळून आली," मॅडम म्हणाल्या. "ओले झाले असतील." बाहेर मैदानावर धूळ उडत होती.

बाई वर्गात आल्या. त्यांनी फळ्याकडं बघितलं नाही, हजेरी मागितली नाही. त्यांनी बाकांखाली बघितलं. वर्गभर काळे बूट, आणि शेवटच्या दोन बाकांखाली बारा अनवाणी पाय. त्या मागं गेल्या आणि माझ्या फौजदारणीसमोर वाकल्या.

"बूट बाहेर का काढलेस गं?"

ती उठून उभी राहिली. "वर्गात बूट घालून यायचं न्हाई. बाई वरडत्यात."

"मग या बाकीच्या मुलांनी का नाही काढले?"

तिनं सगळ्या वर्गावरून एकदा नजर फिरवली. त्या टायवाल्या पोरांची तिला खरंच कीव आलेली दिसली. "त्यांना कुणी शिकीवलंच न्हाई," ती म्हणाली.

"कुठल्या बाई ओरडतात?"

तिनं माझ्याकडं बोट केलं, आणि हसली. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मग कमिशनरबाई माझ्या पायांकडं बघायला लागल्या. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं, चपलांसकट. पण चपला बाहेर होत्या.

व्हरांड्यात आल्यावर मॅडम माझ्याआधी बोलल्या. "मी तुम्हाला स्पष्टच सांगते. यांच्या घरी पूजाअर्चा फार कडक असते. शिवाशिवीचे जुने विचार. या मुलांना बूट काढायला लावू नका म्हणून आम्ही कितीदा समजावलं. शेवटी संस्कार असतात एकेकाचे."

मला प्रथम कळलंच नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. त्या दोन वर्षांत एकच गोष्ट मी मनापासून केली होती आणि तीच माझ्या गळ्यात बांधली जात होती. गप्प राहिले असते तर कदाचित नोकरी वाचली असती. एक खडूस, जुनाट बाई म्हणून अहवालात नाव आलं असतं, मॅडमनी समज दिल्याचं दाखवलं असतं, आणि जूनला ऑर्डर मिळाली असती. पोरं मात्र परत शेडमध्ये गेली असती. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसलं. भीती तेवढीच होती, जराही कमी झाली नव्हती. मी ब्लाउजमधून किल्ली काढली.

"वर्ग मागं आहे," मी म्हणाले. "चला, दाखवते."

मॅडम मागून काहीतरी म्हणत होत्या. मी कठडा घट्ट धरून जिना उतरले. कुलूप दोनदा हातातून सुटलं. आत गुंडाळलेल्या सतरंज्या, माझं टेबल, भिंतीवरची कॅलेंडरं, कोपऱ्यात चोवीस दप्तरं. घाईत दप्तरं न्यायला कुणालाच सुचलं नव्हतं. कमिशनरबाईंनी ती दप्तरं एकेक करून मोजली.

"प्रतिज्ञापत्रावर सही तुमचीच?"

"माझीच. खोटी आहे. म्हणजे सही खरी आहे, मजकूर खोटा आहे." आणि मग मी रडत रडत सगळं सांगितलं. दोन वर्षं, फोटो, टोले, सराव. बूट का काढायला लावायची तेही सांगितलं. फरशी मी घासली, मान म्हणून काढायचे, कमीपणा म्हणून नाही, मीही काढायची.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन बंद करून विचारलं, "उद्या तुम्हाला ए तुकडीवर पाठवलं, फी भरणाऱ्या मुलांवर, तर त्यांना सांगाल बूट काढायला?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नाही. माझी छाती झाली नसती. ज्यांचे आईबाप मला काही करू शकत नव्हते, त्यांनाच मी नियम लावला होता. नेसरीला आमच्या अंगणात कामाला येणारी माणसं चपला गेटबाहेर काढून यायची. त्यांना कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना पूजेच्या खोलीतही जायचं नसायचं. तो मान होता का? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, तो त्या शेडमध्ये पडला. बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात मला खरं काय ते पुन्हा शपथेवर लिहून द्यायला कोर्टात बोलावलं. कोपऱ्यावर रिक्षा शोधत होते तर त्या मुलीच्याच बापाची पुढं येऊन थांबली. "बसा की," तो म्हणाला. सगळा रस्ता मी त्याच्या पाठीकडं बघत बसले. कोर्टापाशी उतरताना त्यानं विचारलं, "भ्यालायसा व्हय?"

"हो."

"मीबी भ्यालोय. पोरीची जागाच काडून घेतली तर काय करू? घरात बायकू रोज त्येच इच्यारतीया." भाडं त्यानं घेतलं नाही. मी खोटी सही केली होती हे त्याला माहीत होतं, त्यावर तो काहीच बोलला नाही. तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

कोर्टानं अहवाल वाचला आणि शेड बंद करायला सांगितली. सोमवारपासून मुलं चार तुकड्यांत. कमिशनरबाई न कळवता येतच राहणार, आणि कोर्ट सांगेपर्यंत या मुलांपैकी किंवा शिक्षकांपैकी कुणालाही काढायचं नाही. माझ्या पहिल्या प्रतिज्ञापत्राचं काय करायचं ते पुढं बघू, असं म्हणाले. ते 'पुढं' अजून आलेलं नाही. टपालाचा माणूस जिना चढताना ऐकला की मी अजून गॅस बंद करून ऐकत बसते.

सोमवारी मॅडमनी मला ए तुकडीवर टाकलं. माझी जिरवायलाच टाकलं असणार, कारण त्या तुकडीतले पालक सगळ्यात ताठ. मी सकाळी लवकर गेले आणि दारात उभी राहिले. मुलं जिन्यानं वर येत होती. माझी सहा जणं पुढं होती, सवयीनं वाकून नाड्या सोडायला लागली. बाकीची तशीच आत घुसत होती. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. त्या सहांना 'बूट घाला' म्हणायचं, नाहीतर बाकीच्यांना 'काढा' म्हणायचं. पहिली सोपी होती. माझ्या जिभेवर आलीही होती.

"थांबा सगळे," मी ओरडले. आवाज शेजारच्या दवाखान्यापर्यंत गेला असेल. "आपल्या वर्गात बूट घालून यायचं नाही. सगळ्यांनी काढायचे. मीही काढलेत."

व्हरांड्यात गर्दी झाली. कुणाला गंमत वाटली, कुणी तोंड वाकडं केलं. एका मुलाला नाडी सोडता येईना. घरी त्याची नाडी दुसरं कुणीतरी सोडत असणार. त्यानं पाय सरळ माझ्या फौजदारणीपुढं केला. ती खाली बसली, त्याच्या बुटाकडं बघितलं, आणि मग स्वतःचा बूट पुढं ओढला.

"तुजं तू सोड," ती म्हणाली. "मी दावते फकस्त. ह्ये टोक धर, आनि वड."

तो ओढत असतानाच मॅडम आल्या. उंच टाचांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापासून येत होता आणि दारापाशी थांबला. भिंतीलगत लांबच लांब ओळ लागली होती, निम्मी वेडीवाकडी.

"हे काय आहे?"

अव्वाची औषधं, जूनची ऑर्डर, तुरुंग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "वर्गात बूट घालून यायचं नाही," मी म्हणाले. "माझा नियम आहे."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी ओळीकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. उंबऱ्याबाहेरूनच वळल्या आणि गेल्या. मी आत येऊन खडू घेतला आणि फळ्यावर तारीख लिहायला लागले. मागं पोरं जागांवरून भांडत होती, कोण कुणाशेजारी बसणार म्हणून.

"बाई," पाठीमागून तोच खणखणीत आवाज आला, "तारीख तिरकी आलीया."

मी पुसली आणि पुन्हा लिहिली.